दुसऱ्यांदा पुसलेला काठ

डाग गेला नव्हता. फिकट झाला होता, कडेला तपकिरी, आत गुलाबीसर, नखाएवढा… आणि त्याच्या शेजारी, अर्ध्या बोटावर, दुसरा, त्याहून फिकट, दाखवल्याशिवाय कोणाला दिसणार नाही असा. ओलं फडकं तिनं बाल्कनीतल्या उजेडात ताणून धरलं. बाकीचे डाग ओळीनं होते, एका माणसाला एक, कारण प्रभुभोजनाचा पेला फिरवण्याची तिची पद्धत गेली बारा वर्षं ठरलेली — एकानं द्राक्षरसाचा घोट घेतला की काठ पुसायचा, पेला पाव फेरा वळवायचा, फडक्याची घडी बोटभर पुढे घ्यायची, आणि मग पुढच्याच्या ओठांशी न्यायचा. देवळातल्या कठड्याशी गुडघे टेकलेली सत्तेचाळीस माणसं, सगळ्यांना एकच पेला, सत्तेचाळीस डाग. मोजले असते तर अठ्ठेचाळीस भरले असते. तिनं मोजले नाहीत.

हे फडकं धुण्याचेही नियम होते. इतर कपड्यांत टाकायचं नाही, आणि पहिलं पाणी गटारात जाऊ द्यायचं नाही, मातीत ओतायचं; कारण त्यात प्रभूचं रक्त आहे, निदान तसं आपण मानतो. ती ते कुंडीत ओतायची. कुंडीतलं रोप कशाचं हे तिलाही ठाऊक नव्हतं, पण बारा वर्षं ते मरायचं नाव घेत नव्हतं, आणि नवरा होता तेव्हा म्हणायचा, "आपल्या घरात खरं धार्मिक हेच!" आज पाणी ओतताना तिच्या मनात आलं, यात त्या बाईच्या ओठांचंही काहीतरी असणार. आणि लगेच — हे काय भलतंच? किळस आली की काय आपल्याला? नाही, किळस नव्हती. शपथेवर सांगते, किळस नव्हती. मग काय होतं?

त्या बाईला मंडळीत सगळे 'शवागारातली बाई' म्हणत, अर्थात तिच्यामागे. मोठ्या हॉस्पिटलच्या तळघरात मेलेल्या माणसांना धुऊन पुसून, कपडे घालून घरच्यांच्या ताब्यात देण्याचं तिचं काम. चार वर्षांपूर्वी ती देवळात यायला लागली, शेवटच्या बाकावर बसायची, आणि प्रभुभोजनाला शेवटच्या रांगेत, शेवटच्या जागेवर. तसं तिला कोणी सांगितलं नव्हतं. हेच तर! कोणी कधी काही म्हटलंच नव्हतं. पेल्यात शेवटी उरतं ते पाळकसाहेब स्वतः पिऊन टाकतात, तशी रीतच आहे, म्हणजे तिच्यानंतर थेट पाळकसाहेब. त्यांना चालत होतं, म्हणून सगळ्यांचंच चालून जात होतं. चार वर्षं, अगदी बिनबोभाट. सोय म्हणून कोणी केली नव्हती आणि सोय म्हणून कोणाच्या लक्षातही येत नव्हती.

गेल्या रविवारी तिला लवकर निघायचं होतं. कुठेसा मोठा अपघात झाला होता, तळघरात हात कमी पडत होते, म्हणून ती दुसऱ्याच रांगेत येऊन गुडघ्यांवर बसली, आणि तिच्या शेजारी नेमकी माझी सून — सातवा महिना लागलेली. बाईनं घोट घेतला. मी काठ पुसला, पेला वळवला, घडी सरकवली… आणि पुन्हा पुसला. बस, एवढंच. आभाळ कोसळलं नाही. गाणं चालू होतं, पाळकसाहेब पुढे भाकर देत सरकत होते. पण घोट घेतल्यावर सगळे डोळे मिटतात, आणि हिनं नेमके उघडे ठेवले होते. तिनं फडक्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग खाली.

"आई, अजून तेच धुताय?" सून कमरेवर हात ठेवून बाल्कनीच्या दारात उभी होती.

"डाग जात नाही गं."

"मग राहू दे की. आठवड्याला नवे पडतातच."

यावर हसून सोडून द्यायचं होतं. पण तिच्या तोंडून भलतंच निघालं. "तुझ्याच काळजीनं पुसलं मी. या दिवसांत म्हटलं…"

काय पुसलं, कधी पुसलं, असं सुनेनं विचारलं नाही. म्हणजे तिनंही पाहिलं होतं. "माझ्या नावावर नका टाकू, आई," ती म्हणाली. आवाज चढवला नाही, उलट थोडा उतरवलाच. "मला काही वाटलं नव्हतं. मी चांगला घोट घेतला त्या पेल्यातून. आणि उपाशी जाऊ नका हं, खाऊन जा."

तिनं खाल्लं. काय खाल्लं ते कळलं नाही. चार दिवस जे एक कारण उराशी धरून ठेवलं होतं — पोटातलं बाळ, आजीची काळजी, कोणीही समजून घेईल असं कारण — ते पोरीनं एका वाक्यात काढून घेतलं होतं. रागच आला तिचा. मोठी आली सरळ बोलणारी!

ती स्वतः एका दंतवैद्याकडे कामाला होती. अवजारं स्वच्छ करायची, एवढंच काम, पण सव्वीस वर्षं तेच; त्यामुळे स्वच्छता म्हणजे काय हे तिला कोणी शिकवायला नको होतं. अवजार आधी पाण्यात, मग ब्रशनं घासायचं, सुकवायचं, पाकिटात बंद करायचं, वाफेच्या पेटीत ठेवायचं, आणि पाकिटावरची पट्टी काळी पडली की समजायचं झालं. त्यात कोणाचं तोंड हा प्रश्नच नसतो. बँकेचा साहेब असो, दारुडा असो, शाळेची मुख्याध्यापिका असो, सगळ्यांच्या तोंडातून निघालेलं अवजार त्याच पेटीत जातं. आणि म्हणूनच तिला पळवाट नव्हती. कारण कापडानं पुसून जंतू जात असतील तर एकदा पुसून जातात, आणि जात नसतील तर शंभरदा पुसूनही जात नाहीत. दुसऱ्यांदा पुसलं ते जंतूंसाठी नव्हतं. हे तिच्याइतकं पक्कं त्या अख्ख्या मंडळीत कोणाला ठाऊक होतं?

साडेअकराला दवाखान्यात मंडळीच्या चिटणीसांचा फोन आला. "ताई, संध्याकाळी सहाला सभा आहे, विसरू नका हं. लहान पेल्यांचा विषय आहे."

प्रत्येकाला वेगळा, अंगठ्याएवढा पेला. आधीही एकदोनदा हा विषय निघाला होता आणि चहाबरोबर विरून गेला होता. या रविवारनंतर मात्र तो एकदम तातडीचा झाला होता.

"तुम्ही या कामातल्या," चिटणीस म्हणाले. "तुम्ही नुसतं म्हणा, स्वच्छतेच्या दृष्टीनं हेच योग्य. तुमच्या शब्दावर कोणी बोलणार नाही. पाळकसाहेब काठावर आहेत, पण तुम्ही म्हणालात की तेही ऐकतील. कोणाचं नाव घ्यायचं कारणच नाही."

"विचार करते."

"आता त्यात विचार कसला, ताई? चार वर्षं आपण…" चिटणीस तिथे थांबले. "बरं, सहाला."

चार वर्षं आपण काय? तिनं फोन ठेवला आणि ट्रेमधली अवजारं पुन्हा घासायला घेतली. आजोबा आठवले. वडिलांचे वडील, तिनं फक्त म्हातारपणी पाहिलेले, तोंडात दात नाहीत आणि बोलणं मात्र करवतीसारखं. ज्या घरी ते कामाला जायचे तिथे त्यांच्यासाठी एक वेगळा पेला असायचा, दाराबाहेर, पालथा घातलेला. आपला आपण उचलायचा, आपला आपण धुवायचा. मग कोणीतरी त्यांना या देवळात आणलं, आणि पहिल्याच दिवशी ज्या पेल्याला साहेबाचे ओठ लागले होते तोच पेला पाळकानं त्यांच्या तोंडापाशी धरला. आजोबा म्हणायचे, "मला शिकवण नंतर कळली. आधी पेला कळला." घरात ही गोष्ट इतक्यांदा सांगितली जायची की पोरं कंटाळायची, आजोबांची नक्कल करायची, त्यात सगळ्यांत पुढे ती. आणि आज त्याच आजोबांच्या नातीनं सांगायचं होतं की प्रत्येकाला वेगळा पेला द्या.

पण दुसरी बाजू नाहीच का? लोकांना सांभाळून घ्यावं, ज्याची श्रद्धा कच्ची आहे त्याच्या वाटेत दगड ठेवू नये, मंडळीत फूट पडू देऊ नये, हेही आपण त्याच देवळात शिकलो. दोन कुटुंबं आताच म्हणतायत की आम्ही पेला घेणं बंद करू. एका बाईसाठी सात माणसं दूर गेली तर ते प्रभूला आवडेल? आणि ज्यानं विहिरीवर थांबून, आपल्या लोकांनी शिवूही नये अशा बाईच्या भांड्यातलं पाणी मागितलं, त्यानं किती जण नाराज होतील याची मोजदाद केली होती का? कोणती बाजू त्याची? तिला वाटलं, लहानपणापासून ऐकत आलो पण हे विचारायची वेळ आपल्यावर येईल असं काही वाटलं नव्हतं. आपण फडकी धुणारी माणसं.

"मावशी," डॉक्टर मागून म्हणाले, "या सगळ्या पाकिटांवर तुम्ही उद्याची तारीख घातलीत. बरं वाटत नाहीये का? जा घरी."

ती घरी गेली नाही. हॉस्पिटलच्या तळघराकडे उतरणारा जिना तिच्या पायांना माहीत होता. तीन वर्षांपूर्वी याच जिन्याच्या शेवटच्या पायरीवर ती बसली होती, आत नवऱ्याला तयार करत होते, आणि दार अर्धवट उघडून या बाईनं डोकं बाहेर काढून विचारलं होतं, "ताई, भांग डावीकडे पाडायचा की उजवीकडे?" आणि तिला आठवेना. एकतीस वर्षं रोज समोर बघितलेलं डोकं, आणि आठवेना! ती नुसती रडत सुटली. तेव्हा बाई म्हणाली होती, "राहू द्या, केसच सांगतील," आणि दार लोटून घेतलं होतं. नंतर बघितलं तर अगदी बरोबर. तिच्या माणसाला शेवटचं कोणी प्रेमानं हात लावला असेल तर या बाईनं. तिनं स्वतः नाही. तिच्यानं ते झालं नव्हतं.

बाई दाराबाहेर स्टुलावर बसून चादरींच्या घड्या घालत होती. पावलं ऐकून तिनं वर बघितलं आणि चेहरा उतरला. "अगं बाई, ताई! कोण गेलं?"

"कोणी नाही. सहज आले."

"इथे सहज कोण येतं!" बाई हसली, खरोखरीचं हसली, आणि दुसरं स्टूल ओढून त्यावरून हात फिरवून पुढे सारलं. "बसा, बसा. माझा तर जीवच उडाला. सूनबाई बऱ्या ना?"

"बरी आहे."

"चहा घ्या. आत्ताच वरून भरून आणलाय." थर्मासचं झाकण फिरवून उघडलंसुद्धा.

"नको, नको, आत्ताच झाला."

शब्द बाहेर पडले आणि तिचं तिलाच कळलं. सकाळपासून चहाचा घोट नव्हता पोटात. विचार करून म्हटलं असतं तर एक वेळ… पण विचार केलाच नव्हता, हात जसा रविवारी आपोआप वळला तशी जीभ वळली. अगं, आता म्हण, बरं द्या थोडा. म्हण! पण म्हटलं तर ते म्हणण्यातूनच सगळं उघडं पडणार होतं. बाईनं झाकण पुन्हा फिरवून बसवलं, सावकाश, घट्ट. "बरं," ती म्हणाली. तिच्या तोंडावर राग नव्हता, दुःखही नव्हतं, सवय होती. तेच सहन होईना.

"ताई, एक बोलायचंच होतं तुमच्याशी," बाईच म्हणाली. "रविवारी मी मध्येच घुसले. सूनबाई शेजारी आहेत ते बसल्यावर दिसलं मला. आधी दिसलं असतं तर थांबले असते हो. तुम्हाला उगाच अवघडल्यासारखं झालं."

"नाही, तसं नाही…"

"मी हात तीन-तीनदा धुते. घरी गेले की आधी आंघोळ. पण लोकांना वाटतं, आणि वाटणारच, त्यात त्यांचं काय चुकलं? काल चिटणीससाहेब आले होते विचारायला, लहान पेल्यांचं. मी म्हटलं, चांगलंच आहे की. मलाही बरं, शेवटपर्यंत थांबायला नको." घडी घातलेली चादर तिनं मांडीवर थोपटली. "तुमच्या सूनबाईंचं नाव मी रोज घेते बरं का प्रार्थनेत. सगळं नीट होऊ दे म्हणते."

आता. आता म्हणायचं. मी दोनदा पुसलं, माझं चुकलं. सहा शब्दही नाहीत. ज्यासाठी जिना उतरून आली ते एवढंच होतं. तिनं तोंड उघडलं आणि म्हणाली, "इथे बराच गारवा आहे नाही?"

"असतोच," बाई म्हणाली. "ठेवावाच लागतो."

मग ती "येते" म्हणून उठली. बाई जिन्यापर्यंत पोचवायला आली आणि दोन पायऱ्या अलीकडे, अंतर राखून, थांबली. वर उन्हात आल्यावर तिला एवढी लाज वाटली की रस्ता ओलांडताना तिनं कोणाकडेच बघितलं नाही.

सभा देवळामागच्या खोलीत, सहा खुर्च्या, मधे टेबल. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली. चिटणीसांनी विषय मांडला. चांगला मांडला, तिला मान्य करावं लागलं, कोणाचं नाव नाही, कोणाचा अपमान नाही, साथीचे आजार, म्हातारी माणसं, लहान मुलं. पाळकसाहेब टेबलावर बोट फिरवत म्हणाले, "प्रभू सगळ्यांच्या ताटात जेवला, हे मला विसरता येत नाही. पण लोकांची मनं मोडायची का, हेही आहे." चिटणीस म्हणाले, "आणि ज्यांच्याबद्दल आपण बोलत नाही आहोत, त्यांचीही हरकत नाही. मी स्वतः विचारून आलो." मग सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं.

"स्वच्छतेचं म्हणाल," ती म्हणाली, "तर एवढ्या वर्षांत त्या पेल्यानं कोणी आजारी पडलेलं मला माहीत नाही. प्रश्न स्वच्छतेचा नाही. रविवारी त्यांच्यानंतर मी काठ दोनदा पुसला. बाकी कोणाच्या नंतर दोनदा पुसत नाही. त्यांनी ते बघितलं. म्हणून आज आपण इथे बसलोय. लहान पेले आणले तर ते माझ्या त्या पुसण्यासाठी आणल्यासारखं होईल. माझी संमती नाही."

एवढं ती आयुष्यात कधी सभेत बोलली नव्हती. आणि कुठेतरी, कबूल करायला हवं, बरं वाटत होतं. झालं, बोललो. आता होतील ती बोलणी खाऊ.

पण कोणी बोललंच नाही तिला. "अहो ताई," कोणीतरी म्हणालं, "सून गरोदर, कोणीही केलं असतं." "तुमच्या मनात का काही होतं? आम्ही ओळखत नाही का तुम्हाला?" "उलट केवढा हा प्रामाणिकपणा." चिटणीससुद्धा मवाळले, म्हणाले पुढच्या महिन्यात बघू, घाई कशाला. पाळकसाहेबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली, या बहिणीच्या मनावरचं ओझं काढून घे म्हणून, आणि सगळ्यांनी आमेन म्हटलं. चहा आला. तिच्यापुढे कप ठेवला गेला, तिनं तो उचलला आणि प्यायली.

अर्धा संपल्यावर तिला तळघरातला थर्मास आठवला. कप खाली ठेवला, पण त्याचा आता काय उपयोग होता?

बाहेर पडताना सगळे तिला निरोप देत होते, नेहमीपेक्षा जास्त मायेनं. सांभाळून जा, सुनेला जपा. ती हो हो म्हणत फाटकापर्यंत आली आणि तिथे थांबली, कारण पुढे पाऊल टाकवेना. किती सोपं गेलं! जिथे क्षमा हातावर ठेवलेलीच होती तिथे जाऊन आपण पापाची कबुली दिली. आपल्यासारख्यांच्यात. आपली माणसं, आपलीच भीती, त्यांनी नाही समजून घ्यायचं तर कोणी? आणि जिला सांगायचं तिच्यापुढे गारव्याचं बोललो. दिवसभर मला वाटत होतं की एका बाजूला लोकांची रीत आहे, दुसऱ्या बाजूला प्रभू आहे, आणि मधे मी उभी आहे, कोणाकडे जाऊ म्हणत. मी मधे नव्हतेच. ती रीत म्हणजे मीच होते, आणि सभेत तिच्याविरुद्ध बोलूनही ती माझ्यातून हललेली नाही. पुन्हा त्या स्टुलावर नेऊन बसवलं तर जीभ काय बोलेल, याची मला आत्ताही खात्री नाही.

उद्या जाईन. जाईन? आणि मागितली क्षमा, तर ती बाई काय म्हणणार हेही ठाऊक होतं — अहो ताई, त्यात काय एवढं. तिनं ती केव्हाच करून टाकली असेल, मागायच्या आधी, त्याच सवयीनं, आणि त्यातून तिला काहीच मिळालं नसेल.

रोजची संध्याकाळची प्रार्थना ओठांवर आली, लहानपणापासून पाठ असलेली, क्षमा कर म्हणणारी. ती अर्ध्यावर तुटली. पुढचे शब्द येत होते, पण तिनं ते येऊ दिले नाहीत. प्रभू, ती म्हणाली, सगळ्यांनी किती पटकन माफ केलं मला. तू तरी घाई करू नकोस.